रुग्णभेटीला जाताना शास्त्रातलं काय वाचावं, काय टाळावं?

सहाजण

सर्वांना सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीत रुग्णभेटीसाठी सहा जणांचा गट उभा राहिला आहे. वार ठरले, जाण्यायेण्याची सोय झाली, पण शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वाचायचं काय यावर गाडं अडलंय. दोघांचं म्हणणं, स्तोत्र २३ आणि ९१ तोंडपाठ आहेत, तेवढं पुरे. शिवाय ‘आरोग्याची वचनं’ अशी तीन पानांची झेरॉक्स फिरतेय. तिच्यात एकेक ओळ आणि पुढे अध्याय-वचनाचा आकडा, मागचं-पुढचं काहीच नाही.

भेटी साधारण चार तऱ्हेच्या आहेत. कॅन्सरचं निदान नुकतंच झालेले, उद्या ऑपरेशन आहे असे, पक्षाघात किंवा डायलिसिसमुळे महिनोन्महिने घरीच असलेले, आणि शेवटचे दिवस मोजणारे.

विचारायचं ते असं. कुठल्या वेळी कुठला भाग, आणि किती वचनं? याकोबाच्या पत्रात आहे तसं आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायची तर रीत काय? आणि रुग्णाच्या उशाशी बसून ‘विश्वास कमी पडतोय म्हणून उतार पडत नाही’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला काय उत्तर द्यावं? तेही शास्त्रातूनच, कारण दुसरं काही ते ऐकणार नाहीत.

---

जुनाकरार

झेरॉक्सपासून सुरुवात करतो, खरी गोची तिथेच आहे. त्या कागदावरचं प्रत्येक वचन पुस्तकात उघडा आणि बघा, बोलतंय कोण, कोणाला, आणि पुढच्या पाच-सहा वचनांत काय होतं.

ईयोब ८:७ घ्या. आरंभ थोडका असला तरी अखेर भरभराटीची होईल, अशा अर्थाचं. दुकानाच्या उद्घाटनापासून हॉस्पिटलात द्यायच्या कार्डापर्यंत सगळीकडे छापतात. बोलणारा आहे ईयोबाचा मित्र बिल्दद. आणि त्याच दमात, तीनच वचनं आधी, तो मुलं गमावलेल्या बापाला, म्हणजे ईयोबाला, सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. ५:१७-१८, म्हणजे जखम करणारा तोच आणि पट्टी बांधणाराही तोच, हे दुसऱ्या मित्राचं, अलीफजाचं. पुस्तकाच्या शेवटी ४२:७ मध्ये परमेश्वर याच अलीफजाला म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. त्यांचं प्रत्येक वाक्य खोटं आहे असं नव्हे. पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये अलीफजाचंच एक वाक्य आधाराला घेतलंय. चूक झाली ती समोरच्या माणसाला ते लावण्यात. म्हणून ईयोब ४ ते २५ मधून मित्रांच्या तोंडचं काही रुग्णापुढे वाचू नये. उलट गटाने आपल्यासाठी २:११-१३ वाचावं. तिघे आले, रडले, सात दिवस सात रात्री जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं ते तेवढंच.

स्तोत्र ९१. साथीच्या काळात दहावं वचन, कोणतीही पीडा तुझ्या तंबूजवळ येणार नाही, फोटोवर घालून किती फिरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी पीडा आलीच त्यांनी काय समजायचं? हे स्तोत्र नव्या करारात थेट उद्धृत होतं ते सैतानाच्या तोंडी, मत्तय ४:६ आणि लूक ४:१०-११. मंदिराच्या शिरोभागावरून उडी मार, देवदूत झेलतील. उद्धृत करताना ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द तो गाळतो. स्तोत्र सुंदर आहे, टाकून देऊ नका, पण पूर्ण वाचा आणि पंधराव्या वचनावर थांबा: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येतं हे त्याच स्तोत्रात गृहीत आहे.

यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत) हे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं. दहाव्या वचनात मुदत दिली आहे, सत्तर वर्षं. ऐकणाऱ्यांतले बहुतेक परत जाणार नव्हते. पुढच्या महिन्याच्या स्कॅनची हमी म्हणून ते वापरणं म्हणजे पत्र दुसऱ्याचं आणि तारीख आपली. फिलिप्पै ४:१३ तसंच. सर्वकाही करण्याची जी शक्ती तिथे म्हटली आहे ती आधीच्या वचनाप्रमाणे भुकेलं राहण्याची, उणीव सोसण्याची.

आता काय वाचावं. नुकतं निदान झालेल्याला पहिल्या भेटीत स्तोत्र १३. सहाच वचनं, एका मिनिटात होतात. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणं, पाचव्या-सहाव्यात भरवसा. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांचा साचा हाच: हाक, तक्रार, मागणं, भरवसा. रुग्णाला लिहिता-बोलता येत असेल तर याच साच्यात त्याला स्वतःची चार वाक्यं करू द्या. तक्रारीचं वाक्य तुम्ही गुळगुळीत करू नका, आणि चौथं वाक्य आज सुचलं नाही तर जागा रिकामी ठेवा.

ती रिकामी जागाही शास्त्रात आहे. स्तोत्र ८८ मध्ये अठरा वचनांत भरवशाचं वळण येतच नाही, इब्रीत शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. ज्याला ‘सगळं ठीक होईल’ ऐकून ऐकून वीट आलाय त्याच्यासाठी हे. वाचून झाल्यावर घाईघाईने स्तोत्र २३ जोडू नका. तेवढा धीर वाचणाऱ्यात हवा.

औषधांनी तोंडाची चव गेलेल्याला, झोप उडालेल्याला स्तोत्र १०२:१-१२. अन्न खायचं विसरलो, हाडं जळताहेत, छपरावरच्या एकट्या पाखरासारखा जागा आहे, सगळं तिथे लिहिलंय. रात्रीसाठी ४:८, ७७:१-१२, १२१. घरी पडून राहिलेल्याला स्तोत्र ४२ आणि ४३ एकत्र, कारण धृपद एकच आहे आणि मंदिरात जाता येत नाही हेच त्यातलं दुःख. स्तोत्र ३८ जपून. मित्र दूर उभे राहतात वगैरे वर्णन अचूक आहे, पण आजाराचं कारण माझं पाप असं तिथला बोलणारा स्वतः म्हणतो. आधीच अपराधी भावनेने कुढणाऱ्याला ते पाहुण्याच्या तोंडून ऐकवू नये.

---

रात्रपाळी

वर शास्त्राचं झालं. वॉर्डातलं मी सांगते.

एकूण भेट दहा मिनिटं, त्यात वाचन तीन. रोम ८ अख्खा वाचायला सहा-सात मिनिटं लागतात, ताप असलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला हरवतो. हवाच असेल तर फक्त २२ ते २७. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि प्रार्थना काय करावी कळत नाही तेव्हा आत्माही शब्दांवाचून कण्हतो. व्हेंटिलेटरवरच्या किंवा पक्षाघाताने वाचा गेलेल्याला यातलं सव्विसावं वचन एकट्यानेही पुरतं.

आयसीयूत एका वेळी एक. आत जाताना आणि बाहेर येताना हात जंतुनाशकाने तीस सेकंद चोळा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, फोनवर वाचा. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या मध्ये पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या आठवड्यात गटाने जाऊन कोरस म्हणणं म्हणजे सेवा नव्हे. नीतिसूत्रे २५:२० पाठ करा: खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे सोड्यावर शिरका ओतणं. आणि २५:१७, शेजाऱ्याच्या घरी पाय फार टाकू नकोस, तो कंटाळेल. आणि हो, २७:१४, पहाटे उठून मोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याविषयी. सकाळी सहाला फोन करून प्रार्थना करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती, उदबत्ती काही नाही. तेलही चेहऱ्याला नको, हाताच्या मागच्या बाजूला लावा. रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर, टाक्यांवर, सलाइनच्या सुईजवळ तेल नको. डायलिसिसवाल्याच्या फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून केलेल्या जागेच्या) हाताला धरून प्रार्थना करू नका, दुसरा हात धरा. आणि त्याच्यासाठी शहाळं नेऊ नका. पोटॅशियमने हृदयाचा ठोका बिघडतो, शिवाय पाण्याचं माप ठरलेलं असतं.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्याला भाकरीचा तुकडाही नाही, घोटभर रसही नाही. आदल्या संध्याकाळी द्या किंवा नंतर. पक्षाघातानंतर गिळता येतंय का हे सिस्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नका, तुकडा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. सामाईक प्याला प्रतिकारशक्ती कमी झालेल्याला नको, वेगळी छोटी वाटी न्या.

उपास-प्रार्थना घरच्यांनी करावी, पेशंटने नाही. इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवलं तर साखर घसरून बेशुद्ध पडू शकतो. २ शमुवेल १२:१६-२० कोणाला माहीत आहे का? आजारी बाळासाठी उपास करतो तो बाप, दावीद. सातव्या दिवशी बाळ जातं, तेव्हा तो उठतो, अंघोळ करतो, मंदिरात जातो आणि जेवतो. घरच्या माणसांना हे वाचून दाखवण्यासारखं आहे, कारण पेशंट गेल्यावर ‘आपला उपास कमी पडला’ हे ओझं त्यांच्यावर बसतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे प्रार्थनासभेत ‘बरा झालास’ म्हणून गोळ्या बंद करणं. साध्या टीबीची औषधं सहा महिने पूर्ण घ्यावी लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि तेव्हाच सोडली तर जंतू औषधाला दाद न देणारा होऊन परततो. मिरगीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके थांबतच नाहीत अशी वेळ येते. यावर शास्त्रातला आधार कोणी द्याल का? मला तेव्हा नेमकं वचन हवं असतं.

---

गावचा_पाळक

रात्रपाळीताईंना आधी उत्तर देतो. लूक १७:१४. दहा कुष्ठरोग्यांना प्रभू म्हणतो, जा, स्वतःला याजकांना दाखवा. मार्क १:४४ मध्येही बऱ्या झालेल्याला तेच सांगितलं. ती आज्ञा लेवीय १३ आणि १४ मधली. याजक डाग पाहत असे, संशय असला तर सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा पाहत असे, गरज पडली तर आणखी सात दिवस. म्हणजे खुद्द येशूने बरं केलेल्यालाही तपासणी चुकलेली नाही. ‘बरा झालो’ हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाकडे नव्हता आणि सभेकडेही नव्हता. आजच्या हिशेबात थुंकीचा रिपोर्ट आणि डॉक्टरची सही.

औषधाविषयी आणखी: यशया ३८:२१ मध्ये हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं, तेही पंधरा वर्षं आयुष्य वाढवल्याचं वचन मिळाल्यावर. पौल तीमथ्याला प्रार्थनेचा रुमाल पाठवत नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (१ तीमथ्य ५:२३). लूक हा ‘प्रिय वैद्य’ (कलस्सै ४:१४). कोणी २ इतिहास १६:१२ काढेल, आसा राजाने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधलं. दोष ‘न शोधता’ मध्ये आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं, ते काही विश्वास कमी पडला म्हणून बांधलं नव्हतं.

आता याकोब ५. वाचायचं ते १३ ते १६, फक्त १५ नव्हे. नीट बघा, बोलावणारा रुग्ण आहे. त्याने मंडळीच्या वडिलांना (मंडळी सांभाळणाऱ्या जबाबदार माणसांना) बोलवावं. आपण बाटली घेऊन दारात उभं राहायचं नाही. बेशुद्ध असेल तर घरच्यांनी बोलवावं. ‘वडील’ अनेकवचनी आहे, एकट्या करामती माणसाचं काम नाही, दोघे-तिघे हवेत. तेल कसलं हे लिहिलेलं नाही. ऑलिव्ह मिळालं तर ठीक, नाहीतर खोबरेल. दहा मिलिलिटरची बाटली वर्षभर जाते.

रीत अशी ठेवा. आदल्या दिवशी रुग्णाला विचारा आणि चार वचनं वाचून अर्थ सांगा. त्या दिवशी वाचन झाल्यावर नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर पाठवा, कारण सोळाव्या वचनात पाप कबूल करणं आहे आणि सुनेसमोर सासरे काही बोलणार नाहीत. ते बोलले तर ऐका, नाही बोलले तर खोदू नका. मग अंगठ्याला थेंबभर तेल, कपाळावर किंवा हातावर (ऑक्सिजन चालू असेल तर हातावरच), नाव घेऊन: अमुक, प्रभू येशूच्या नावाने तुला तेल लावतो. प्रत्येक वडिलाची एक छोटी प्रार्थना, मागणं स्पष्ट: हा ताप उतरू दे, ही गाठ जाऊ दे. घरच्यांना आत बोलावून प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. शेवटी गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद. पंधरा मिनिटांत होतं.

काय बिघडतं ते सांगतो. बाटली रुग्णाकडे ठेवली की तो रोज चोळतो, कोणी पितोही. पंधराव्या वचनात वाचवते ती प्रार्थना आणि उठवतो तो प्रभू, तेलाला कर्तेपण कुठेच दिलेलं नाही. ग्रीकमध्ये इथे ‘अलैफो’ आहे, अंगाला तेल चोळण्याचा रोजचा शब्द. मार्क ६:१३ मध्येही तोच. राजाच्या अभिषेकाचा ‘ख्रियो’ नाही. दुसरं, दर भेटीला तेल लावायला लागलात तर ते औषधाच्या डोससारखं होतं आणि एखादा आठवडा चुकला की घरात भीती. तिसरं, मोबाइलवर शूटिंग. रुग्णाने पाप कबूल केलेल्या खोलीत कॅमेरा कसा चालेल?

‘वाचवील’ आणि ‘उठवील’ हे शब्दही समजून ठेवा. मुळातला ‘सोझो’ म्हणजे बरं करणं आणि तारणं दोन्ही. ‘एगैरो’ म्हणजे अंथरुणावरून उठवणं आणि मेलेल्यांतून उठवणं दोन्ही. याकोबाने दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत, आपण एक बंद करू नये.

उशाशी बसलेल्या नातेवाइकासाठी एवढे दाखले पुरेत, पण एका बैठकीत सगळे फेकू नका. योहान ९:१-३, जन्मांध माणूस, पाप ना त्याचं ना आईबापांचं. लूक १३:४, शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. २ करिंथ १२:७-९, पौलाने तीनदा विनवलं, शरीरातला काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळालं. पौलाच्या विश्वासात कमी होती म्हणायची कोणाची छाती आहे? त्याचा सोबती त्रफिम मिलेतात आजारी असताना मागे ठेवावा लागला (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत मरणाला टेकला आणि मग बरा झाला (फिलिप्पै २:२७). माझ्या मते सगळ्यात उपयोगी योहान ५: अडतीस वर्षं पडून असलेला माणूस, त्याला बरं करणारा कोण हेही ठाऊक नव्हतं (वचन १३). विश्वासाची परीक्षा घेतलीच नाही. खरं बोलायचं तर चौदाव्या वचनात त्यालाच ‘पुन्हा पाप करू नकोस’ म्हटलंय, आणि १ करिंथ ११:३० मध्ये काही जणांच्या आजाराचा संबंध प्रभुभोजनाच्या गैरवापराशी जोडलाय. पाप आणि आजार यांचा संबंध शास्त्र कधीच जोडत नाही असं म्हणू नका, नातेवाईक लगेच ही पानं उघडतील. एवढंच म्हणा, की ते ओळखणारा प्रभू होता किंवा प्रेषित होता. समाचाराला आलेल्या पाहुण्याला तो अधिकार दिलेला नाही.

---

मोहरीचा_दाणा

सगळं वाचलं. माफ करा, पण एकंदर सूर ‘फार आशा ठेवू नका’ असा लागतोय. मत्तय ८:१६-१७ मध्ये सगळ्या दुखणाइतांना बरं केलं आणि तिथेच यशया ५३ चा आधार दिला. त्याच्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं हे झेरॉक्सवर असलं तर चुकलं काय? आणि नासरेथात अविश्वासामुळे महत्कृत्यं करता आली नाहीत (मार्क ६:५-६), हेही आहेच ना?

---

गावचा_पाळक

हरकत रास्त आहे. मागणं मात्र भीतभीत करू नका, असं मीही म्हणेन. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाला सतावत राहते, हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडतो आणि उत्तर बदलतं. गेथशेमाने बागेतल्या येशूच्या प्रार्थनेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द शेवटी आले, त्याआधी ‘हा प्याला दूर कर’ हे सरळ मागणं आहे. आपल्याकडे काही जण पहिलं वाक्य गाळून दुसऱ्यावरच उडी मारतात, त्याने रुग्णाला वाटतं की प्रार्थनेआधीच निकाल लागला.

यशया ५३ दोन ठिकाणी येतो हे ध्यानात घ्या. मत्तय ८:१७ चौथं वचन घेतो आणि शरीराच्या आजाराला लावतो. १ पेत्र २:२४ पाचवं वचन घेतो आणि पापाला लावतो, तेही मार खाणाऱ्या चाकरांना धीर देताना. दोन्ही अर्थ शास्त्रातलेच. पण तारीख कुठेच दिलेली नाही, आणि झेरॉक्स तारीख दिल्यासारखी वाचली जाते.

नासरेथचं म्हणाल, तर अविश्वास गावाचा होता, अंथरुणावरच्या रुग्णाचा नव्हे, आणि तिथेही थोड्या दुखणाइतांवर हात ठेवून बरं केल्याचं त्याच वचनात आहे. विश्वासाचं ओझं कोणी उचलायचं हे मार्क २ मध्ये बघा: छप्पर उसकटून खाली सोडलेल्या माणसाचा नव्हे, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. चौघे वाहणारे. म्हणून इब्री ११ वाचताना पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर थांबू नका. अर्ध्यापर्यंत सिंहांची तोंडं बंद होतात, मेलेले परत मिळतात. पुढच्या अर्ध्यात फटके, बंधनं आणि करवतीने चिरणं. एकोणचाळिसावं वचन दोघांच्या विश्वासाला एकच प्रमाणपत्र देतं.

---

सहाजण

बरंच स्पष्ट झालं. एक राहिलं. आमच्या यादीतल्या दोन घरांत सून कॅथलिक आहे, माहेर वसईकडचं. तेलाचा विषय निघाला की त्या म्हणतात, ‘आमच्यात हे फादरच करतात, आणि शेवटच्या घटकेला.’ त्यांच्याकडे जाताना काय सांभाळावं?

---

वसईकर

पहिला भाग बरोबर, दुसरा जुना.

आमच्याकडे आजाऱ्यांना तेल लावणं हा संस्कार आहे. तो फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात, आधार तोच, याकोब ५:१४-१५. घरी कम्युनियन (प्रभुभोजन) आणणारे प्रापंचिक सेवक हे तेल लावत नाहीत. तुम्ही प्रेमाने लावलं तरी त्यांच्या दृष्टीने तो संस्कार होत नाही, आणि मग फादरांना बोलवायचं राहून जातं. म्हणून त्या घरी तेल काढू नका. वाचन, प्रार्थना खुशाल करा, आणि धर्मग्रामात (त्यांच्या चर्चमध्ये) कळवलंय का एवढं विचारा.

‘शेवटच्या घटकेला’ ही समजूत जुन्या नावातून आली, ‘अंतिम अभ्यंग’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच म्हटलं की हा केवळ मरणाच्या दारातल्यांचा संस्कार नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये नवा विधी दिला. आता तेल कपाळाला आणि दोन्ही हातांना लागतं, ऑलिव्ह नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेल चालतं. गंभीर आजारामुळे होणाऱ्या मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणी फार अशक्तपणा आला की, घेता येतं. बरं होऊन पुन्हा आजार आला किंवा तोच आजार बळावला तर पुन्हा घेता येतं. म्हणून निदान झालं की कळवावं. फादरना बोलावलं म्हणजे आशा सोडली, या भीतीने घरचे लांबवत जातात, आणि मग माणूस बेशुद्ध झाल्यावर धावपळ होते. पापनिवेदन शुद्धीतच होऊ शकतं, तेवढं तरी हातचं जातं.

मरणाच्या वेळचा खरा संस्कार म्हणजे शेवटचं कम्युनियन, प्रवासाची शिदोरी. एलीयाची गोष्ट (१ राजे १९:४-८) त्याच्याशी जोडून वाचतात. ‘पुरे झालं, माझा प्राण घे’ म्हणून झाडाखाली आडवा पडलेल्या माणसाला देवदूत प्रवचन देत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला देतो. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि आजी उगाच सकाळपासून गोळ्या न घेता बसून राहतात.

औषधाबद्दल आमच्या बायबलात एक जादा अध्याय आहे, बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा, १ ते १५. वैद्याचा मान राख, परमेश्वराने जमिनीतून औषधं निर्माण केली, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आधी प्रार्थना कर आणि मग वैद्याला जागा दे, असा क्रमही आहे. तुमच्या सहासष्ट पुस्तकांत तो नाही. वाचायला हरकत नसावी.

आणि ११ फेब्रुवारी, लूर्द मातेचा सण, १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणून पाळतात. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी आजाऱ्यांची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि सामूहिक अभ्यंग असतो. चालू शकणाऱ्या रुग्णांना तेव्हा घेऊन येणं सोपं पडतं.

---

जुनाकरार

ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं आणि शेवटच्या दिवसांचं राहिलं, ते लिहितो.

ऑपरेशनआधी स्तोत्र १२१, आठ वचनं. राखणारा डुलकी घेत नाही. भूल घेऊन झोपणाऱ्याला यापेक्षा नेमकं काय लागतं? याच स्तोत्राचं चौथं वचन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, चष्मा काढून ठेवलेला असतो. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ (ईयोब १:२१) त्या दिवशी तोंडातूनही काढू नका. ते दुखावलेल्याने स्वतः म्हणायचं वाक्य आहे.

शेवटच्या दिवसांत वाचन आणखी लहान. स्तोत्र ३१:५, ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’, वधस्तंभावर प्रभूने हेच म्हटलं (लूक २३:४६). योहान १४:१-३. प्रकटीकरण २१:३-५, अश्रू पुसण्याचं. रोम ८:३८-३९, श्वास धरून एका दमात वाचू नका, दोन दोन शब्दांवर थांबा: मरण नाही, जीवन नाही. स्तोत्र २३ वाचताना एक गंमत नजरेस पडते. पहिल्या तीन वचनांत परमेश्वराविषयी बोलणं आहे, ‘तो’ नेतो, ‘तो’ चालवतो. चौथ्यात खोल दरी येते आणि तिथे बोलणं थेट ‘तू’ वर जातं. वाचणाऱ्याने आवाज तिथे आणखी खाली आणावा.

विलापगीत ३:२२-२३ (दया रोज सकाळी नवी) वाचणार असाल तर १७ पासून सुरू करा. सुख विसरलो, आशा संपली, या ओळींशिवाय बाविसावं वचन भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वाटतं.

---

रात्रपाळी

बेशुद्ध माणसाला ऐकू येत असेल असं धरूनच वाचा. कानाशी, ओरडून नाही. त्याच्यासमोर खर्चाची, जागेच्या वाटणीची, दफनाची चर्चा नको. घरच्यांपैकी कोणी वाचणार असेल तर तुम्ही पुस्तक त्यांच्या हाती द्या, ओळखीचा आवाज बरा. गटातला माणूस नसेल तेव्हा मोबाइलवर ध्वनिमुद्रित शास्त्र लावता येतं, पण पाच-दहा मिनिटं आणि मग बंद. रात्रभर चालू ठेवलं तर शेजारच्या खाटेवरच्याला त्रास होतो, त्याचा धर्म वेगळाही असतो.

आणि भाषांतर. म्हाताऱ्या माणसांना स्तोत्र २३ ‘काही उणे पडणार नाही’ असं लहानपणापासून पाठ असतं. सोप्या भाषेतलं नवं वाचलं की ओठ हलायचे थांबतात. पेशंटच्या उशाखाली जे पुस्तक असेल तेच घ्या, आपलं पिशवीत राहू द्या.